थेआनोची नात गारूफालिया

कवाला, सोमवार, ४ मार्च २०१९

एव्हान्थिया,

सहा वर्षांनी लिहिते आहे. मायना काय लिहायचा ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. फोन करणार होते, पण फोनवर मी स्वतःची बाजू मांडत सुटते, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. कागदावर निदान खोडता येतं.

विचारायचं ते आधी विचारते. माझ्या धाकटीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, पाद्रीबाबांनी नाव विचारल्यावर धर्ममाता म्हणून तू जे उच्चारलंस, ते तुला कुणी सांगितलं होतं?

मी सांगितलं होतं ते दुसरंच. थोरलीला रीतीप्रमाणे माझ्या सासूबाईंचं, लाझारोसच्या आईचं नाव दिलं, स्तामातिया. धाकटीची पाळी माझ्या आईची. ती थेआनो होणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. नऊ महिने आम्ही तिला नुसतं 'बेबा' म्हणत होतो, कारण पाण्यात बुडवल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. आणि आमच्या गावच्या रीतीप्रमाणे मी देवळाबाहेर उभी होते, ओंजळीत साखरबदाम घेऊन, नाव सांगायला पोरं धावत येतील म्हणून. सगळ्यांच्या पुढे स्तामातिया आली. धापा टाकत ओरडली, "गारूफालिया! आई, तिचं नाव गारूफालिया!"

आज हे उकरून काढण्याचं कारण परवाचा शनिवार. आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. अंगणात घसरली, मनगट मोडलं. शनिवार मृतात्म्यांचा होता. मेलेल्यांच्या प्रसादाचे, कोलिव्याचे, गहू मी उकडले, डाळिंबाचे दाणे आईने डाव्या हाताने पेरले, आणि देवळात वाचायच्या नावांचा कागद लिहायची पाळी माझ्यावर आली.

"जुना कागद पिशवीत आहे, त्यावरून उतरव," आई म्हणाली. "आणि अक्षर मोठं काढ. पाद्रीबाबा चष्मा घरी विसरतात आणि अर्धे मेलेले तसेच राहतात."

तो कागद घड्यांवर चिरत आला होता. वरच्या नावांची शाई तपकिरी, खालच्यांची निळी. पहिलं नाव बाबांचं असेल असं मी धरून चालले होते. बाबा पार खाली होते. सगळ्यात वर, सगळ्यात जुन्या शाईत, गारूफालिया.

हे नाव आमच्या घरात कुणी तोंडाने घेत नसे. मला जन्म दिला तिचं ते नाव, हे मला बाराव्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने, भांडताना, सांगितलं. तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जाणारी मुलगी. बाबा तिथे मुकादम. मी दीड वर्षाची असताना ती वारली, तिच्या माहेरच्यांनी दार उघडलं नाही, आणि बाबांनी मला उचलून आपल्या लग्नाच्या बायकोच्या, थेआनोच्या, मांडीवर आणून ठेवलं. थेआनोला मी आई म्हणते. उपकार म्हणून नाही. ती आई आहे म्हणून.

"हे नाव यात कधीपासून?" मी विचारलं.

"तू घरात आलीस त्या वर्षापासून. पुढचं लिही, घंटा होईल आता."

घरी येऊन मी २०१३ची रोजनिशी काढली. १९ मे, रविवार. लिहिलंय: 'आई शेवटपर्यंत हसत होती. किती सोसते ही बाई.' सहा वर्षं मी या दोन वाक्यांवर तुझ्याशी वैर धरलं. आता वाटतं, पहिलं वाक्य मी डोळ्यांनी पाहिलं होतं, दुसरं मी जोडलं होतं.

त्या दिवशी अंगणात, पाहुण्यांच्या देखत, मी तुला म्हणाले होते की तू माझ्या आईच्या मांडीवरून तिची नात ओढून नेलीस. तू काहीच बोलली नाहीस. ते मौन मी गुन्ह्याची कबुली समजले.

लियाला (गारूफालियाचं घरात लिया झालं) तू ईस्टरला काही पाठवत होतीस का? इकडे टपालाचा घोळ असतो.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही.

मिर्सिनी


कवाला, मंगळवार, १२ मार्च २०१९

एव्हान्थिया,

तुझं उत्तर यायला अजून वेळ आहे, पण मला थांबवत नाही. काल स्वच्छ सोमवार होता, ईस्टरचे उपास सुरू झाले. लाझारोस दोघी मुलींना घेऊन टेकडीवर पतंग उडवायला गेला. मी आणि आई घरी. तिला एका हाताने हलवा कापता येईना, मी कापून देत होते. समोरासमोर बसलेलो असताना धीर झाला नसता. शेजारी शेजारी होतो म्हणून विचारलं.

"एव्हान्थियाला तू सांगितलं होतंस?"

आईने आधी हलव्याचा तुकडा संपवला. "मीच. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी तिला कॉफीला बोलावलं आणि सांगितलं. ती नाहीच म्हणत होती. म्हणाली, मिर्सिनी मला जिवंत सोडणार नाही. मी म्हटलं, तू तरुण आहेस, सोसशील."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? तू वही काढली असतीस. एका बाजूला फायदे, एका बाजूला तोटे."

खरं आहे. मी काढली असती.

"अगं, पण तुझं नाव, आई. तुझ्या इग्नातीसला दोन्ही मुलगेच. तुझं नाव कुणाकडेच जात नाही आता."

"माझं नाव मला पुरतंय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळं गाव थेआनो, थेआनो करत असतं. चाळणी दे, थेआनो. इंजेक्शन टोच, थेआनो. त्या पोरीला तेविसाव्या वर्षानंतर कुणी हाक मारली नाही. वर्षातून दोनदा पाद्री एक नाव वाचतो, तेही चष्मा असला तर."

मी रडत होते बहुतेक. आईला रडणं आवडत नाही, म्हणून ती पुढचं पटकन बोलून गेली. ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते सोडून दिलं तर मी तिची मूर्ती करून कोनाड्यात ठेवीन, आणि ते खोटं होईल.

"आणि तुझ्या बापाला ते ऐकवायचं होतं मला. पस्तीस वर्षं त्याने ते नाव तोंडातून काढलं नाही. देवळात, सगळ्यांसमोर, मोठ्याने, तीनदा. त्याला उठून जाता येणार नव्हतं. थोडं तिच्यासाठी केलं, थोडं त्याच्यासाठी. किती कुणासाठी ते मला विचारू नकोस, मी मोजलेलं नाही."

"बाबा काय म्हणाले?"

"घरी आल्यावर शर्ट बदलला. मग म्हणाला, चांगलं नाव आहे. आणि ओसरीवर जाऊन बसला."

मी विचारलं, मी एव्हान्थियाशी बोलणं तोडलं तेव्हा का गप्प राहिलीस? इथे मात्र आई पहिल्यांदा खाली बघू लागली. म्हणाली, तो जिवंत होता तोवर भीती वाटली. आणि वाटलं, तुम्ही पोरी दोन दिवसांत गोड व्हाल. मग तो गेला, आणि तोवर इतका उशीर झाला होता की लाज वाटायला लागली. "तिच्याकडून मी वचन घेतलं होतं, कुणाला सांगायचं नाही. मला वाटलं होतं रागाच्या भरात तरी ती बोलून टाकेल. नाही बोलली. एवढी पक्की असेल असं वाटलं नव्हतं."

मलाही वाटलं नव्हतं. आणि तुझ्याबरोबर मी चार वर्षं एका खोलीत काढली होती.

यानिनाच्या ग्रंथालयातला तो हिवाळा आठवतो का? तू म्हणालीस, तुझ्या आईचं नाव इतकं जुनं, आपण तिचे पूर्वज शोधू. आईला विचारलं तर तिला एवढंच माहीत होतं की तिचा धर्मपिता शाळामास्तर होता आणि जुन्या नावांचं त्याला वेड होतं. पाद्री कुरकुरला होता की या नावाची संतीण नाही, पोरीला नावाचा सण कुठला द्यायचा? शेवटी सर्व संतांचा रविवार दिला. आई अजून म्हणते, उरल्यासुरल्यांच्या पंगतीत मला बसवलं.

आपण तिघी शोधल्या होत्या. एक पायथागोरसची बायको, की मुलगी, की शिष्या, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. एक अथेन्सची पुजारीण. एका सेनापतीला सगळ्या पुजाऱ्यांनी शाप द्यावा असा गावाने हुकूम काढला, तेव्हा ती एकटी नाही म्हणाली. तिचं काम देवाकडे मागण्याचं होतं, शाप देण्याचं नव्हे. ही खरंच होऊन गेली की नाही यावर पंडितांचे वाद आहेत, तेही आपण टिपून ठेवलं होतं. अर्थाचंही तसंच. देव किंवा देवी या शब्दाशी नातं आहे, यापुढे सगळे अंदाज.

आणि तिसरी ट्रॉयची. तिच्या घरातल्या एका गोष्टीबद्दल मोजून दोन ओळी आहेत: नवऱ्याचा बाहेरचा मुलगा तिने आपल्या मुलांसारखा जपून वाढवला. त्या ओळींवर तू बोट ठेवलंस आणि माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, योगायोग. पान उलटलं.

विसाव्या वर्षीचा माझा तो घाईघाईचा 'योगायोग' मला आज ऐकू येतो. नावाने माणूस घडतं असं मी आजही मानत नाही. आईने त्या ओळी कधी वाचल्या नाहीत. पण मी त्या वाचल्या होत्या, शिकवते आहे, आणि तरी माझ्याच घरात काय चाललंय ते मला कळलं नाही.

आभार मानायचे आहेत. अजून हक्क मिळवलेला नाही, म्हणून थांबते.

मिर्सिनी


कवाला, बुधवार, ३ एप्रिल २०१९

एव्हान्थिया,

तुझं पाकीट काल आलं. चार ओळी. इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या. 'मी तुझ्या आईला शब्द दिला होता, तो पाळला. त्यासाठी आभार नकोत. माझ्या धर्मलेकीला तू माझ्याबद्दल काय सांगितलं आहेस? ते कळल्याशिवाय मी तुला काही लिहिणार नाही.'

पहिल्या पत्रात मी टपालाचा घोळ म्हणाले. घोळ नव्हता. तुझी पार्सलं आली. पाचही. दर वर्षी पाम रविवारच्या आधी, श्टुटगार्टचा शिक्का, आत ईस्टरची मेणबत्ती आणि बुटांचा जोड, नोनाने धर्मलेकीला द्यायचा तसा. पहिलं मी उघडलं आणि बंद केलं. बाकीची उघडलीही नाहीत. शाळेत माझ्या कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागे आहेत. मेणबत्ती मी दर वर्षी बाजारातून आणत होते आणि आजीने दिली म्हणून सांगत होते.

लियाने विचारलं होतं. सगळ्यांच्या नोना ईस्टरला येतात, माझी का येत नाही? मी सांगितलं, तुझी नोना फार लांब राहते, तिला काम असतं. मागच्या वर्षी तिने पुन्हा विचारलं, ती मला विसरली का? मी म्हणाले, मोठी माणसं विसरतात कधी कधी.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. तारीख बघ, पाकीट काल आलं असं वर लिहिलंय. ते परवा आलं. हेही बदलून लिहिलं होतं, म्हणजे उशीर दिसू नये.

मी तिला खरं सांगेन. या आठवड्यात.

मिर्सिनी


कवाला, सोमवार, १५ एप्रिल २०१९

एव्हान्थिया,

सांगितलं. आठवडा नाही, दहा दिवस लागले.

शनिवारी पाचही खोकी घरी आणली आणि तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, ही तुझ्या नोनाने पाठवली होती, दर वर्षी, आणि मी लपवली. ती विसरली नव्हती. मी खोटं बोलले.

तिने एकेक उघडलं. शेवटी पाच जोड ओळीने मांडले, सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठा. मोठा पायात घालून बघितला. टाच बाहेर राहिली. रडली नाही. म्हणाली, "का लपवलीस?"

"मला तिचा राग आला होता."

"काय केलं तिने?"

"तुला तुझं नाव दिलं."

तिने तो मोठा बूट काढून ओळीत परत ठेवला. "नाव वाईट आहे का? शाळेत अखिलेआस म्हणतो की गारूफालिया म्हणजे कार्नेशनची फुलं, म्हणजे फुलवाल्याचं दुकान."

"नाही. चांगलं आहे. ते एका बाईचं होतं, तिने मला जन्म दिला."

"मग आजी कोण?"

"आजी माझी आई."

"दोन आया? मग तू तर नशीबवान," ती म्हणाली. आणि लगेच आठवलं तिला की आपण रागावलोय. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला हाक मारली तर स्तामातियाकडे निरोप. "आईला सांग, मला मसूर नको." स्तामातिया मध्ये बसून गंभीर चेहऱ्याने निरोप पोचवत होती आणि तिला ते फार आवडत होतं, हे मला दिसत होतं.

आज सकाळी दारात बूट घालताना बोलली. "नोनाला सॉरी म्हणालीस?"

"लिहिलंय पत्रात."

"काय म्हणाली ती?"

"अजून काही नाही."

"मी असते तर मीही नसते म्हणाले," लिया म्हणाली, आणि शाळेत गेली.

मी रुमाल घेऊन बराच वेळ जिन्यात बसले. रडत होते, पण हलकं वाटत होतं. तिचा राग खरा आहे आणि तो माझ्यावर आहे. सहा वर्षं मी तो तुझ्या नावावर चढवत होते.

तुझी हरकत नसेल तर ती तुला फोन करेल. मी खोलीत नसेन.

मिर्सिनी


कवाला, मंगळवार, ३० एप्रिल २०१९

ख्रिस्त उठला, एव्हान्थिया.

फोनवर तुम्ही एकोणपन्नास मिनिटं काय बोललात ते मला माहीत नाही. लिया सांगत नाही. "आमचं आहे," म्हणते. फक्त एवढं कळलं की तू जूनमध्ये येणार, सर्व संतांच्या रविवारी, आईच्या नावसणाला, आणि तू पाठवशील तो पुढचा जोड एकतीस नंबरचा हवा.

एक अडचण आहे, ती आधी सांगते. तू आलीस की गाव बोलणार. सहा वर्षांपूर्वी मी तुला सगळ्यांसमोर बोलले, तेव्हा सगळ्यांसमोरच मागे घेतलं पाहिजे. पण खरं सांगायचं तर आईची गोष्ट बाहेर काढावी लागते, आणि बाबांची. आईला विचारलं. "माझ्या मेलेल्या नवऱ्याला चौकात उभं करू नकोस," म्हणाली. मग मी नुसतं 'चूक माझी होती' म्हटलं तर ते अर्धवट. लोक म्हणतील, मोठ्या मनाने माफ केलं मिर्सिनीने. तुझ्यावरचा डाग तसाच, वर माझं कौतुक.

मला वाट सापडत नाही. तरी ये.

मिर्सिनी


कवाला, मंगळवार, २५ जून २०१९

प्रिय एव्हान्थिया,

विमान वेळेवर पोचलं, हे लियाकडून कळलं. तिला तू कळवलंस, मला नाही. ठीक आहे. हा क्रम मी मिळवलेला आहे.

रविवारी जे झालं ते तू पाहिलंस, तरी मला लिहून ठेवायचं आहे, कारण माझ्या जुन्या रोजनिशीवर माझा विश्वास उरलेला नाही आणि तू साक्षीदार आहेस. चुकलं तर सांग.

द्राक्षवेलीखाली अकरा माणसं होती. मी चेरीच्या मुरंब्याच्या बश्या फिरवत होते. खिशात मी लिहून आणलेला कागद होता, चार वाक्यं. पेर्साकाकूने तुझ्याकडे चमचा रोखला आणि माझ्याऐवजी सगळ्या अंगणाला विचारलं, "ही तीच ना गं? देवळात नाव बदलणारी? बाई, मोठी हिंमत हं तुझी, आज थेआनोच्याच सणाला मुरंबा खातेस!"

कुणीतरी हसलं. तू बशी खाली ठेवलीस. तुझी मान लाल झालेली मला दिसली, परीक्षेच्या वेळी व्हायची तशी. आणि तरीही तू गप्प. आईने वचनातून तुला सोडलं नव्हतं, आणि तू ते आताही पाळणार होतीस.

मी तोंड उघडलं. खिशातलं एकही वाक्य आठवेना.

"तिने नाही बदललं, पेर्सा," आई म्हणाली. बरा झालेला हात मांडीवर होता, आवाज चढवला नव्हता. "मी बदलायला लावलं. गारूफालिया मिर्सिनीची जन्माची आई. पोर मी वाढवली, नाव तिचं राहिलं होतं द्यायचं. या मुलीला मी शपथ घातली, आणि तिने सहा वर्षं माझ्यासाठी शिव्या खाल्ल्या, तुझ्यासुद्धा. आता तुला माझ्या नवऱ्याबद्दल, प्रोद्रोमोसबद्दल काही विचारायचं असेल तर तो दफनभूमीत आहे, रस्ता तुला ठाऊक आहे. कॉफी घे, निवतेय."

पेर्साकाकूने कॉफी घेतली. तिला गप्प झालेली मी माझ्या आयुष्यात प्रथम पाहिली.

नवऱ्याला चौकात उभं करायचं नाही म्हणणाऱ्या आईने हे का केलं, ते मी रात्रीच विचारलं असतं, सवयीने. विचारलं नाही. काही गोष्टी मला दिल्या जातात, आणि मी त्या घ्यायच्या सोडून तपासत बसते. या वेळी घेतली.

निघताना स्टँडवर तू मला माफ केलं असं म्हणाली नाहीस. मीही विचारलं नाही. पण आभार मी आता मानते, हक्क असो वा नसो. माझ्या मुलीला तिचं नाव दिल्याबद्दल. माझ्या आईचा शब्द माझ्याविरुद्ध राखल्याबद्दल. मी कपाटात कोंडत असताना दर वर्षी नव्या मापाचे बूट अंदाजाने घेतल्याबद्दल.

आणि रविवारची शेवटची गोष्ट, जी इतरांच्या लक्षात आली नसेल. आईचं बोलून झाल्यावर तू उठलीस, वेलीखालून वाट काढत गेलीस आणि तिच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसलीस. ती खुर्ची माझी होती. आईने तुझा हात धरला आणि माझ्याकडे बघितलं.

मी आत जाऊन स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि तुमच्या पलीकडे, जागा होती तिथे, टेकले.

मिर्सिनी